रिकाम्या उखळाचा आवाज

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी पास, नापास नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते पीएचडीबद्दल आहे, आणि चौथीवाल्यानं पीएचडीबद्दल बोलू नये असं मला तोंडावर सांगणारी माणसं माझ्याच घरात आहेत. मी बोलणार. त्या पीएचडीच्या विषयासाठी दादानं जेवढी पायपीट केली तेवढीच मी केली, आणि ज्या दिवशी तो विषय बदलला त्या दिवशी त्याच खोलीत दादाच्या शेजारी मी बसलेलो होतो. दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते गेले तेव्हा दादा मुंबईला वसतिगृहात राहून कॉलेज करत होता आणि मी घरी होतो. एकानं शिकायचं आणि एकानं घर बघायचं असं कुणी बसून ठरवलं नाही, ते होऊन गेलं. मी गुरं राखली, उन्हाळ्यात वीटभट्टीवर गेलो, पावसाळ्यात लावणी केली. दादा शिकतोय म्हणजे आमचं घर शिकतंय, असं मी लोकांना छाती काढून सांगायचो. आज कुणी तसं बोललं की मी तिथून उठतो.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढं, मुरबाडच्या अंगाला. घर कुडाचं, कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेलं. भिंत इतकी पातळ की शेजारची म्हातारी खोकली तर आमच्या घरातलं मांजर उठून बसायचं. ओटीवर एका बाजूला उखळ होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे ते मुसळाच्या आवाजानं. आई कांडायला बसली म्हणजे दोन हातांनी आलटून पालटून मुसळ झेलायची, आणि उखळात भात किती उरलाय ते आवाजावरून मला अंथरुणात कळायचं. भरलेलं उखळ दबक्या आवाजात बोलतं. रिकाम्या उखळात मुसळ टाकलं तर मात्र ठण्ण वाजतं, दोन घरं पलीकडं जातं. कुणी रिकामं उखळ कांडत नाही. लहान पोरानं गंमत म्हणून कांडलं तरी पाठीत धपाटा बसायचा. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, आणि मिळेल ती रानातली भाजी, हे आमचं जेवण. त्यातही आई शेवळं करायची ती मी अजून कुणाच्या हातची तशी खाल्ली नाहीत. शेवळांत काकडं घालावी लागतात, आवळ्यासारखी आंबट फळं असतात ती. ती नसली तर शेवळं घसा धरतात, खाजवून खाजवून जीव जातो. आई काकडं आधी हातात घ्यायची, मग शेवळांना हात लावायची.

आबा रस्त्याच्या कामावर होते. सुट्टीच्या दिवशी अंगात स्वच्छ सदरा घालायचे आणि चालत निघायचे. आपल्या लोकांनी धम्म घेतला त्यानंतरची ती वर्षं. या वाडीतून त्या वाडीत, शहापूरच्या हद्दीतून मुरबाडच्या हद्दीत, आबा घराघरात जाऊन बसायचे आणि देव्हाऱ्यातले देव बाहेर काढायला लावायचे. घरोघरचे टाक, दगड, नारळ टोपलीत जायचे आणि टोपली नदीला. सगळ्यांत आधी आमचीच टोपली गेली होती. आणि त्या टोपलीत आईचं काय गेलं, ते आमच्या घरापुरतं होतं. आईच्या अंगात यायचं. मी अगदी लहान असताना मंगळवारी ओटीवर माणसं बसलेली असायची, पाड्यावरची कातकरी, ठाकर मंडळीसुद्धा, हे मला अंधुक आठवतं. जिचं वारं यायचं त्या देवीचं नाव मी इथं लिहीत नाही. आबांना ते घरात नको होतं. टोपली गेली त्या दिवसापासून ते बंद झालं. आईनं कपाळावरचा मळवट पुसला, पांढरं लुगडं नेसून वंदनेला बसली, आणि गावात आबांचा शब्द आणखी वजनदार झाला, कारण ज्यानं स्वतःच्या बायकोचं वारं उतरवलं त्याला कोण नाही म्हणणार?

त्यानंतर एकदाच ते पुन्हा आलं. दिवेलागणीची वेळ होती. वरच्या पाड्यावर कसलासा सण होता आणि ढोल वाजत होता. आई कांडत होती. ढोल चढत गेला तसा मुसळाचा ताल चुकला, मग मुसळ तिच्या हातातून पडलं, आणि ती जागच्या जागी घुमायला लागली. केस सुटले. तोंडातून जो आवाज निघाला तो मी नंतर कधीही कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आबा धावत आले, तिला धरून आत घेतलं आणि मला म्हणाले, "दामू, दार लाव. दाराला पाठ लावून बस." मी बसलो. मग दादाला म्हणाले, "तू कांड." दादा म्हणाला, "आबा, उखळात काय नाय." "कांड म्हंतो ना!" आणि दादा उखळ ओढून आत आणून रिकाम्या उखळात मुसळ घालत राहिला. ठण्ण, ठण्ण. आईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ते थांबलं तेव्हा आई कोपऱ्यात पडली होती, घामानं भिजलेली. आबांनी आमच्या दोघांचे हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाले, "माझ्या मागंसुदिक हे कुनाला सांगायचं नाय. लोक म्हंतील, सोताच्या घरातलं सुटलं नाय आनि आमाला सांगत फिरला." आबांचे केस ओले होते, ते माझ्या तळहाताला लागले. आम्ही दोघांनीही हो म्हटलं. दादा आधी म्हणाला.

तर आता विषयाकडं येतो. दादा एम.ए. झाला, एका कॉलेजात तात्पुरता लागला, आणि एका उन्हाळ्यात घरी आला तो पीएचडी करायची म्हणूनच. ओटीवर बसून आम्हाला सांगायला लागला, आधी विषय लागतो, मग तो विषय घेऊन एखाद्या सरांकडं जायचं, त्यांनी हो म्हटलं तर ते गाईड. आई म्हणाली, "म्हंजे आधी नवरी बघायची नि मंग बामन." दादा हसला आणि म्हणाला, "विषय मी ठरवलाय गो. आबा." शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत धम्म कसा आला, तो कुणी आणला, पायी फिरून आणणारी आबांसारखी माणसं कोण होती, हा विषय. मला त्याचं इंग्रजी नाव पण दादानं पाठ करून घ्यायला लावलं होतं, ते आता विसरलो. मराठीतलं विसरलो नाही. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या वीटभट्टीचं सोनं झालं. आबा पुस्तकात येणार.

तो सगळा उन्हाळा आम्ही चाललो. वाटा मला माहीत, घरं मला माहीत, कोणत्या घरी कुणाला काय म्हणून हाक मारायची ते मला माहीत. दादा शहरात राहून राहून सगळ्यांना "तुमचं नाव काय, वय काय" असं सुरुवातीलाच विचारायचा, आणि म्हातारी माणसं गप्प बसायची. मी म्हणायचो, "आत्ये, आधी पानी दे, मंग बोलू." मग बोलणं सुरू व्हायचं. सापगावच्या एका आत्याबाईनं आबांचं नाव ऐकल्यावर डोळे मिचकावले. "तुजा आबा? मेल्यानं माजे टाक नदीत टाकायला लावलं, आनि वर काठावर हुबा राहून म्हंतो कसा, बघत बस गो, देव असंल तर पवून वर येल! मी बसले सांजच्यापोत. एक पन नाय आला. मंग घरी येऊन नवऱ्याला म्हनलं, मानूस खोटा नाय." आम्ही पोट धरून हसलो. एका म्हाताऱ्यानं आबांनी त्याच्या घरी कोणत्या जागी बसून भाकरी खाल्ली ती जागा दाखवली. दादानं त्या जागेवर हात ठेवला. तेव्हाचा त्याचा चेहरा मी बघितलाय, तो खोटा नव्हता. म्हणूनच पुढचं मला अजून पचत नाही.

पावसाच्या आधी, शेवळं वर आली त्या दिवसांत, आम्ही कल्याणला सरांकडं गेलो. सरांचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला होता. दादा एकटा जायला घाबरत होता. नुसत्या हातानं जायचं नाही म्हणून आईनं तांदूळ दिले आणि पळसाच्या पानात शेवळांची जुडी बांधून दिली. काकडं वेगळी बांधली आणि मला बजावलं, "त्या बाईला सांग, काकडाबिगर शिजवू नको म्हनावं. मोठ्या लोकांना आपली भाजी ठावं नसतंय." मुरबाडहून एसटीनं कल्याण. सरांच्या घरात दारापासून छतापर्यंत पुस्तकं होती. सरांच्या बाईंनी पानाची गाठ सोडली, काकडं बघितली आणि म्हणाल्या, "अगं बाई, काकडं पण! माझ्या माहेरी शेवळं करायचे." मला त्या घरात एकदम मोकळं वाटलं. चहा आला. दादानं विषय सांगितला. चांगला सांगितला, मलाही अभिमान वाटला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

मग सर म्हणाले, "चळवळीवर सध्या बरेचजण करताहेत. माझ्याकडेच दोघं आहेत. तुमचं काम वाईट होणार नाही, पण ते तिसरं होईल." सर पुढं म्हणाले, "मला यंदा एकच विद्यार्थी घेता येईल. विषय असा हवा की जो तुम्हीच करू शकाल, दुसरा कुणी नाही. तुम्ही म्हणता, लोकांनी देव नदीत टाकले. टाकताना काय झालं? सगळं एका दिवसात सुटलं? कुणाला जड गेलं असेल, बायकांना विशेष. हे कुणी लिहिलेलं नाही." मी चहाचा कप हातात धरून होतो. दादा समोरच्या पुस्तकांकडं बघत होता. मला वाटलं तो आता नमस्कार करून उठेल. आणि तो म्हणाला, "सर, आमच्या आईच्या अंगात यायचं."

सरांनी कप खाली ठेवला. दादा सांगत गेला. मंगळवार सांगितले, टोपली सांगितली, आणि मग ती दिवेलागण सांगितली. दार, ढोल, आबा, सगळं. "मी रिकामं उखळ कांडत होतो सर," असं म्हणाला तेव्हा त्याचा आवाज कापला, आणि सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मी बघितलं. माझ्याकडं बोट करून दादा म्हणाला, "हा दाराशी बसला होता." सरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्या पुस्तकांतलं एखादं पुस्तक आहे आणि आत्ताच त्यांच्या हाताला लागलंय. "हा तुमचा विषय," सर म्हणाले. "हाच." आतून शेवळं निवडायचा वास येत होता. मी चहा तसाच ठेवून उठलो आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

आम्ही मुरबाडच्या स्टँडवर उतरलो. तिथं किन्हवलीच्या गाडीची वाट बघत उभे होतो. दादानं भजी आणली, माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, "आबांच्या डोक्यावर हात कुनी ठेवला होता?"

"दामू, मी काय खोटं बोललो काय?"

"खरं तुज्या एकट्याचं नाय ते. आबांचं हाय. आईचं हाय."

"आबा गेले रे. आता कुनाला लपवायचं? आणि लपवून काय, आबा मोठे होतात? अरे, त्यांना किती जड गेलं असेल, ते लोकांना कळू दे ना."

"लोकांना कळंल, की फिरत होता तो मानूस खोटा. तुला गाईड पायजे होता, तर आईला नेऊन तिकडं ठेवलीस. तांदळाबरोबर."

दादानं भजी कागदासकट फेकून दिली. मला वाटलं मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सर आईला भेटायला येणार आहेत. आई नाय म्हनाली तर मी सोडून देतो. पीएचडीच सोडून देतो." मी म्हणालो, "सोडशील. आई नायच म्हनंल." इतकी खात्री मला त्या वेळी आणखी कशाचीच नव्हती.

घरी आलो तेव्हा आई तांदूळ पाखडत होती. दादानं उंबऱ्यातच सांगितलं, जसं घडलं तसं, काही न लपवता. एवढं मी त्याला देतो. मी दाराला टेकून उभा होतो, आई आता सूप आपटते, आता ओरडते, याची वाट बघत. आईनं सूप खाली ठेवलं. दादाला म्हणाली, "त्यांनी काय इचारलं? नीट सांग." दादा म्हणाला, "ते म्हणाले, तुम्हाला काय वाटत होतं ते सांगाल का."

"मला?"

"हां, तुला."

आईनं सुपातल्या तांदळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "येऊ दे त्यांना."

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आबांची आण आहे म्हणालो, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणालो, मी चौथीनंतर शाळा सोडली ती काय याच्यासाठी, असंही म्हणालो. आईनं मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "त्या दिशी घरात तीन बाप्ये होते. एकानं माजं तोंड दाबलं, एक कांडत होता, एक दाराला पाठ लावून होता. मी शुद्धीवर आले तं तिघं एकमेकांना आण घालत होते. गो तुला काय झालं, असं कुनी इचारलं नाय. तवापासनं आजपोत नाय. तू पन नाय, दामू." एवढं बोलून तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. दादा खाली मान घालून बसला होता. मला वाटलं होतं आम्ही दोघं, आई आणि मी, एका बाजूला आहोत आणि दादा दुसऱ्या. तसं नव्हतं. त्या घरात माझ्या बाजूला कुणीच नव्हतं, फक्त मेलेले आबा होते.

सर आले, दोन-तीनदा आले. आई ओटीवर बसून त्यांच्याशी तासन् तास बोलायची. मी त्या दिवशी शेतावर जायचो, काम नसलं तरी. काय बोलली ते मी कधी विचारलं नाही. दादाला एकच बजावलं, "लिही काय ते, पन आईचं नाव घालशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." दादा म्हणाला, "नाय घालत." तो डॉक्टर झाला, पुण्याला गेला, त्याचं पुस्तक निघालं. त्यानं पाठवलेली प्रत मी कापडात बांधून माळ्यावर टाकली. आबांच्या विषयाचं काय झालं? सापगावची आत्याबाई, भाकरीची जागा, तो सगळा उन्हाळा? काही नाही झालं. ते आता फक्त माझ्या पायांना माहीत आहे. आई गेली तेव्हा दादा आणि मी तिच्या दोन बाजूंना बसलो होतो, आणि तेव्हाही कामापुरतंच बोललो. आता दादाही गेला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर कसला राग. मी म्हणतो, माझा आहे.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याचं कारण माझी नात. शहापूरहून रोज जाऊन येऊन तिनं एम.ए. केलं, आणि आता तिला पीएचडी करायची आहे. विषय शोधतेय, कुठल्या मॅडमकडं जायचंय. परवा ती माळ्यावर चढली आणि दादाचं पुस्तक घेऊन खाली आली. मी नको म्हणालो नाही, गुडघ्यांमुळं उठून हिसकावता आलं नाही म्हणा. ती माझ्याजवळ बसून वाचायला लागली. मोठमोठ्यानं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आई काय बोलली ते. ती म्हणाली होती की ते यायचं तेव्हा तिला कुणाचं भय वाटायचं नाही. टोपली गेल्यावर तिला हलकं वाटलं, पण एकटंही वाटलं. आबांवर तिचा राग नव्हता, त्यांनी तोंड दाबलं तो हात थरथरत होता, ते तिला कळत होतं. आबा खोटे होते असं त्या पुस्तकात कुठंही नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं तुम्ही म्हणाल. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मग नातीनं पान उलटलं आणि विचारलं, "आजोबा, पण ही बाई कोण?"

मी म्हणालो, "काय लिवलंय?"

"एवढंच. 'मुरबाडकडील एका खेड्यातील बाई, वय अंदाजे पन्नास.' नाव नाही. आपल्या इकडचीच दिसते. तुम्ही ओळखता?"

मी सांगितलं होतं, नाव घालू नकोस. सांगितलं होतं, कबूल. पण मी चौथी पास. तो तर शिकला होता ना? चौथीवाल्याचं ऐकून पीएचडीवाल्यानं आपल्या आईला 'एक बाई' करून ठेवावं? बाकी माझं एक ऐकलं नाही, आणि नेमकं हेच ऐकलं. गावात तिला जन्मभर आबांची बायको म्हणाले, थोरल्याची आई म्हणाले, आणि जिथं ती पहिल्यांदा स्वतःचं स्वतः बोलली तिथं एक बाई. आता मीही आबांना दिलेला शब्द मोडतोय, ते मला समजतं. त्यांच्या डोक्यावरचा माझा हात मी आज काढून घेतो. नातीला मी जे सांगितलं तेच इथं लिहितो, म्हणजे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही. ती बाई माझी आई. तिचं नाव चांगुणा.